लेबल नसलेली डबी

नळदुर्ग
१७ एप्रिल २०२३

हर्षाली,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, हे गौरीशंकरनं सांगितलं. भावाला मध्ये घालून बहिणीशी बोलणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून पोस्टाची वाट धरली. पोस्टात पाकीट घेऊन त्यावर तुझ्या गावाचा पत्ता लिहिला, तर तिथला क्लार्क म्हणतो, "म्याडम, माकणीला टॉवर न्हाई व्हय?" मी म्हटलं, "टॉवर आहे, बहीण नाही." तो हसला नाही. मीही हसले नाही.

माझं उत्तम चाललंय. बसस्टँडसमोरच्या माडीवर पार्लर थाटलं त्याला ह्या अक्षय्य तृतीयेला दहा वर्षं होतात. लगीनसराई जोरात आहे. काल जळकोटची नवरी होती. तिची मावशी चार बायकांत म्हणाली, "भैरवीताईच्या हाताला गुण हाय." हे मुद्दाम लिहितेय. बहीण सोडून सगळ्यांना माझ्या हाताचा गुण दिसतो.

गौरीशंकरच्या वास्तुशांतीला तू जे केलंस ते मी विसरलेले नाही. पंगत बसलेली, माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथंच, आणि तू तोंडावरचा स्कार्फ काढून उभी राहिलीस. "बघा, माझ्या अक्कानं काय करून ठिवलंय." राजस पोटात असताना तुझ्या गालांवर वांग आलं तेव्हा रडत माझ्याकडंच आली होतीस ना? मी दिलेल्या क्रीमच्या डबीनं पंधरा दिवसांत तोंड लख्ख झालं, तेव्हा आरशात बघून माझ्या गळ्यात कोण पडलं होतं? दोन वर्षं वापरलीस तोवर अक्का देव होती. मग उन्हाळ्यात लाल झालं, आग झाली, वांग दुपटीनं आलं, तर अक्का चोर.

मी त्या दिवशी म्हणाले की शेतात राबणाऱ्या बाईनं तोंडाची हौस करू नये. शब्द कडक होते. पण ऊन तुला मी दिलं नाही.

पार्लरमध्ये तुझा आधीचा आणि नंतरचा फोटो लावलेला होता, तो मी काढून टाकलाय. तेवढं समाधान मान.

राजसला आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना नमस्कार.

तुझी अक्का,
भैरवी

नळदुर्ग
२१ जून २०२३

हर्षाली,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

करिश्मा म्हणून एक पोरगी आहे, इथलीच. दिवाळीनंतर लग्न आहे. पाच-सहा महिन्यांपासून माझ्याकडची डबी नेत होती. गेल्या आठवड्यात आईला घेऊन आली. तोंड टोमॅटोसारखं. पंख्याचं वारंसुद्धा झोंबतंय म्हणाली. आई माडीवर चढता चढताच ओरडत होती. मी म्हटलं, "ओरडू नका. सोलापूरला चामडीच्या डॉक्टरकडं जाऊ, मी येते सोबत. डबीत काही निघालं तर ह्या नळदुर्गात मी तोंड दाखवणार नाही." मी असं बोलू शकते, कारण मी माल पारखून घेते.

डॉक्टरबाई तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी डबी हातात घेऊन फिरवून बघितली.

"यावर काहीच लिहिलेलं नाही."

"एजंट आणून देतो," मी म्हटलं. "सगळीकडं चालते."

"पंधरा दिवसांत फरक पडला असेल, नाही का? मग पुढं उन्हात गेलं की आग, चेहऱ्यावर पुळ्या, गालावर लव, बारीक लाल शिरा. आणि लावायची थांबवली की आणखी वाईट."

करिश्माची आई म्हणाली, "व्हय, अगदी असंच."

"यात स्टेरॉइड असणार. आधी छान वाटतं, मग कातडी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते. वांग जात नाही, नुसतं दबतं." मग त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही कधीपासून लावताय?"

मी म्हटलं, मी बरोबर आले आहे, पेशंट नाही. आणि बाहेर येऊन बसले. ह्या डॉक्टर लोकांना आमच्यासारख्या बायकांचे धंदे डोळ्यांत खुपतात, एवढाच त्याचा अर्थ.

पाऊस अजून नाही. तुमच्याकडं पेरण्या खोळंबल्या असतील.

तुझ्या गालावर लव आली होती का गं? वास्तुशांतीला मला तसं वाटलं होतं. जमलं तर कळव. एका शब्दाचं उत्तर पुरे.

अक्का

नळदुर्ग
११ ऑगस्ट २०२३

हर्षू,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते येऊ दे.

मी लावत होते. सहा वर्षं. तुला डबी दिली त्याच्या आधीपासून.

सत्ताविसाव्या वर्षी मला वांग आलं. दोन्ही गाल, कपाळ आणि वरचा ओठ. मिशी फुटल्यासारखं दिसायचं. तेव्हा मी पार्लरचा कोर्स करत होते. ज्या बाईनं दुसरीचं तोंड उजळायचं, तिच्याच तोंडावर हे! तेव्हापासून फाउंडेशनशिवाय मी कुणापुढं आले नाही. तुझ्यापुढंही नाही. तुझे दाजी उठायच्या आत मी उठायची आणि तोंड रंगवून चहा टाकायची. मग ती डबी मिळाली, आणि मला वाटलं, सुटले. म्हणून तर तुला दिली, हर्षू. वाईट म्हणून नाही दिली. माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं म्हणून दिली.

पण वर्षापासून मलाही आग होत होती. तू पंगतीत उभी राहिलीस तेव्हा माझे गाल फाउंडेशनखाली जळत होते. मला माहीत होतं. तरी मी तुला ते शेतात राबणाऱ्या बाईचं वाक्य बोलले. ते वाक्य मी परत घेते. राबणाऱ्या बाईच्या तोंडाला तोंड न समजणारी मी कोण? आपली आई काय गादीवर बसून होती?

सोलापूरहून आल्यावर डॉक्टरबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी हट्टाला पेटले आणि एका दिवसात डबी बंद केली. चौथ्या दिवशी डोळे सुजून बारीक झाले. पाणी लागलं तरी किंचाळायची. पार्लरला पाटी लावली, 'बाहेरगावी गेले आहे', आणि अकरा दिवस घरात बसले. तुझे दाजी टायरचं दुकान दुपारी बंद करून यायचे आणि ओली फडकी गालावर ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं न रंगवलेलं तोंड बघितलं.

"हे झाकाय रोज लवकर उठत होतीस व्हय?"

"हो."

"मला वाटलं, पूजा करतीस."

रडत रडत हसले गं मी. हसल्यावर गाल जास्तच चरचरले.

मग तेच मला सोलापूरला घेऊन गेले. डॉक्टरबाई रागावल्या, पण डबीवरून नाही. "असं एकदम बंद करतात का? विचारायचं तरी." आता त्यांनी सांगितल्याप्रमाणं चाललंय. आधी कातडी शांत करायची, मग वांगाकडं बघायचं. म्हणाल्या, "महिने लागतील, आणि पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही." गिऱ्हाइकाला असं सांगायची हिंमत मला दहा वर्षांत झाली नव्हती.

आणखी एक. तुझा फोटो काढला असं एप्रिलमध्ये लिहिलं होतं, ते खोटं होतं. परवा काढला.

तू दवाखान्यात जा. माझ्याबरोबर नको, कुणाबरोबरही जा, पण जा.

अक्का

नळदुर्ग
३० नोव्हेंबर २०२३

हर्षू,

दिवाळीला तू गौरीशंकरकडं भाऊबीजेला सकाळी येऊन गेलीस आणि मी संध्याकाळी गेले. त्यानं तुझ्यासाठी केलेल्यातल्या दोन करंज्या मला दिल्या. खाल्ल्या.

पार्लर पुन्हा उघडलंय. तोंडाला मी काही फासत नाही. फक्त उन्हापासून वाचवणारं क्रीम, डॉक्टरबाईंनी दिलेलं, मातकट छटेचं. त्यातून सगळं दिसतं. पहिल्याच दिवशी एका नवरीची आई आली. माझ्याकडं बघितलं, मुलीकडं बघितलं आणि म्हणाली, "जिच्या तोंडावर डाग, ती काय नवरी नटवणार?" मी म्हटलं, "बाई, डाग माझ्या तोंडावर आहेत, हातावर नाहीत." त्या गेल्या. पण मी मान खाली घातली नाही, हे तुला कळावं.

खरी गोष्ट पुढंच आहे. ज्यांना ज्यांना मी डबी दिली त्यांची नावं मी आठवून काढली. बायकांचं मला सगळं आठवतं, कुणाचं लग्न कधी, कुणाची भुवई कशी. बेचाळीस जणी निघाल्या. दाजींच्या मोटारसायकलीवर बसून मी दर सोमवारी निघायची. घराघरात जायची आणि म्हणायची, "मी दिलेली क्रीम चुकीची होती. उरली असेल तर परत द्या. मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवा. हा सोलापूरचा पत्ता."

कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं. एकीचा नवरा मोटारसायकलच्या मागं शिव्या देत आला. तुझे दाजी थांबले आणि म्हणाले, "द्या शिव्या. पण डबी आणा आधी." त्यानं खरंच आणून दिली.

जळकोटला शांताक्का आहेत, किराण्याच्या दुकानात बसतात, साठीच्या असतील. त्यांनीही नेली होती, कुणाला न सांगता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, डबी इकाय आलीस तवा पावडर लावून आलीस. परत घ्याय आलीस तर तोंड धुऊन आलीस. आता तुझं खरं वाटतंय." दहा वर्षांत माझं पुष्कळ कौतुक झालंय, हर्षू. पण तिथून निघताना मोटारसायकलवर मी अशी बसले होते, जशी वरातीत बसले नव्हते.

एजंट येऊन गेला. "म्याडम, तालुक्यात तुमच्याइतका खप कुणाचा न्हाई," म्हणाला. मी त्याच्यापुढं डबी आणि पेन ठेवलं. "ह्याच्यावर आत काय आहे ते लिही, तुझं नाव लिही, पत्ता लिही. मग ठेव." त्यानं पेनला हातसुद्धा लावला नाही. पुन्हा आला नाही.

करिश्माचं लग्न झालं. तोंड शांत झालंय, थोडी लाली राहिली. तिच्या आईनं मला बोलावलं नाही. ते बरोबरच आहे. पण करिश्मा आदल्या दिवशी एकटी आली आणि म्हणाली, "ताई, केस तुम्हीच बांधायचे." बांधले.

तू मात्र बेचाळिसात नाहीस. तुझं नाव त्रेचाळिसावं. तुझ्या दारात यायची मला अजून हिंमत नाही.

अक्का

नळदुर्ग
४ मार्च २०२४

हर्षू,

माझं तोंड आता ऐक. कपाळ जवळजवळ साफ. ओठावरचं पुसट. गालावरचं आहे, पण चहाच्या डागावरून ओला हात फिरवल्यासारखं. डॉक्टरबाईंनी वांगावर लावायचं औषध थोडे आठवडे दिलं आणि स्वतःच बंद केलं. मी आणखी मागितलं तर म्हणाल्या, "जास्त लावलं की जास्त गुण येतो असं नसतं. आता उन्हाला सांभाळा." सकाळी एकदा, दुपारी एकदा क्रीम. बाहेर पडले की छत्री आणि सुती ओढणी. चुलीपुढं, तव्यापुढं तोंड न्यायचं नाही. दोन दिवस आळस केला की गाल लगेच चुगली करतात. आयुष्यभराचं काम आहे म्हणाल्या. मी म्हटलं, स्वयंपाक पण आयुष्यभराचाच आहे, तो करतेच की.

आता गुरुवारी मी पार्लर बंद ठेवते. ज्यांना दाखवायचंय त्यांना एसटीनं सोलापूरला घेऊन जाते. कधी तिघी, कधी सात जणी. एकटीला नवरा पाठवत नाही, सासू पाठवत नाही. सात जणींना कोण अडवतो? परवा कंडक्टर म्हणाला, "भैरवीताईची दिंडी आली." डॉक्टरबाई मला आता पेशंट म्हणत नाहीत, "आमच्या नळदुर्गच्या ताई" म्हणतात. हे सांगताना माझी मान जरा ताठ होतेय, होऊ दे.

आता मुद्दा. माकणीच्या बचत गटाकडून निरोप आलाय. येत्या रविवारी, दहा तारखेला, महिला दिनाचा कार्यक्रम आहे. ह्या क्रीमबद्दल मी बोलावं म्हणतात. मी हो म्हटलं, पण तुझं गाव आहे. तुला नको असेल तर घरात राहा, मी समजेन. मी माझ्या बहिणीचं सांगणार आहे, ते सांगितल्याशिवाय माझं सांगणं पुरं होत नाही. पण तुझं नाव घेणार नाही. कुणाला कळणार नाही.

अक्का

नळदुर्ग
१४ मार्च २०२४

हर्षू,

काल तुझा फोन आला. तासभर बोललो, तरी हे लिहायला बसलेय. फोनवर तू मला बोलूच देत नव्हतीस, आणि माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही.

समाजमंदिरात साठेक बायका होत्या. मी तुला शोधत होते आणि तू दिसत नव्हतीस, कारण निम्म्या बायकांनी पदर पुढं ओढलेला होता. मी उभी राहिले. डबी दाखवली, माझा गाल दाखवला. मग म्हटलं, "माझी एक लहान बहीण आहे. माझ्यानंतर ही डबी मी पहिल्यांदा तिला दिली. तिचं तोंड भाजलं तेव्हा तिला चार माणसांत मी दोष दिला." इथवर आवाज टिकला. पुढचं वाक्य येईना.

तेव्हा मागून तू उठलीस. पदर खाली घेतलास.

"ती बहीण म्या हाय," म्हणालीस. "अक्का, तू बस. फुडचं म्या सांगते."

मी बसले. आयुष्यात कधी कुणी मला बस म्हटल्यावर मी इतकी निमूट बसले नव्हते.

आणि मग मी तुझं तोंड पाहिलं. हर्षू, तुझं तोंड माझ्यापेक्षा चांगलं झालंय. तू सांगितलंस की वास्तुशांतीनंतर दुसऱ्याच आठवड्यात तू उमरग्याला डॉक्टरकडं गेलीस, सासूबाईंना घेऊन. मी एप्रिलमध्ये तुला अक्कल शिकवत होते, तेव्हा तुझं औषध महिनाभर चालू होतं. मी ऑगस्टमध्ये 'दवाखान्यात जा' असं रडून लिहिलं, तेव्हा तू दुपारी आंब्याखाली बसायचं ठरवून शेतातली कामं सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर अशी लावून घेतली होतीस. टोपीच्या आत ओढणी शिवली होतीस, आणि शेजारच्या चौघींनाही शिवून दिली होतीस. मी वर्षभर समजत होते की मला तुला वाचवायचंय. तू कधीच स्वतःला वाचवून बसली होतीस. सांगू? मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती मात्र ऐट. बाजूच्या बाईला मी कोपर मारून म्हटलं, "माझी बहीण आहे."

द्वारकाबाई उठल्या तेव्हा मला वाटलं, आता माझी खैर नाही. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. पण हिची समदी पत्रं मी सुनंकडनं वाचून घेतली. पयल्या पत्राला मी म्हनलं, जाळून टाक. दुसऱ्याला म्हनलं, ऱ्हाऊ दे, ही खोटं बोलतीया पर हिला झोप लागंना झालीया. तिसऱ्याला सून रडली, म्या बी रडले. चौथ्याला इचारलं, बेचाळीस घरं फिरली, हितं कवा येनार?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. वर्षभरानं.

म्हणजे माझं एकही पत्र वाया गेलं नाही आणि तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. चांगलं केलंस. तू लगेच 'असू दे अक्का' लिहिलं असतंस, तर मी एप्रिलमध्येच थांबले असते. तुझा फोटो माझ्या भिंतीवरच राहिला असता आणि बेचाळीस घरांची वाट मला सापडली नसती.

कार्यक्रम झाल्यावर तू माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलंस, जसं मी गिऱ्हाइकाचं वळवते. म्हणालीस, "कानापाशी लावत न्हाईस क्रीम. रेघ पडलीया बघ." आणि लगेच कामं वाटून दिलीस. माकणीच्या बायका तू उमरग्याला नेणार, नळदुर्ग-जळकोटच्या मी सोलापूरला. टोपीचं माप तू मला शिकवणार, पार्लरमध्ये शिवणयंत्र मी ठेवणार. मी फक्त हो म्हणत होते. थोरली कोण आणि धाकटी कोण, मला कळेना.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले, ते वेगळंच आहे. तू मला स्टँडवर सोडायला आलीस. नळदुर्गला यायला लोहाऱ्याची गाडी धरायची होती. ऊन कडक, म्हणून आपण दोघी तोंडं बांधून उभ्या होतो. एक म्हातारी आली आणि पाणी मागितलं. मी बाटली दिली आणि आपणही प्यायला तोंडं सोडली. म्हातारी पाणी पिता पिता आपल्या दोघींकडं बघत राहिली.

"एकमेकीच्या कोन लागता गं?"

मी तुझ्याकडं बघितलं. वर्षभर ते सांगायचा हक्क माझ्याकडं नव्हता. तू तोंड पुसलंस, माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालीस,

"थोरली हाय माझी. तोंडावरनं कळत न्हाई व्हय?"

तुझी,
अक्का